डोंगरे मॅडमचा डावा गाल

आमच्या डेंटल कॉलेजच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं मायक्रोटोमवर बसलो. पेशंटच्या गालातला किंवा जिभेचा कापून आणलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या पाडायच्या, काचेवर घेऊन रंगवायच्या. मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली पाहून निकाल देणार. नागपुरात या कामाला खंड म्हणून नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा इथे लोक दिवसदिवस गालात धरून बसतात, आणि तेच गाल पुढे तुकड्यातुकड्यानं माझ्या टेबलावर येतात. अशात एक दिवस फिजिक्सच्या एक बाई लॅबमध्ये येऊन म्हणाल्या, न कापता, नुसता उजेड टाकून सांगता येईल की गाल बिघडायला लागलाय की नाही. माझं टाळकंच सरकलं.

"मग आम्ही काय इतकी वर्षं इथे भाजी चिरून राहिलो?" मी म्हणालो.

बाई अजिबात चिडल्या नाहीत. "चिरत राहा ना, बोरकर. तुम्ही चिरलं नाही तर मले कसं समजन, माहा उजेड खरं बोलला का खोटं?"

या डोंगरे मॅडम. आता त्या लेकीकडे रायपूरला असतात, पण मी सांगतोय ते त्या इथे होत्या तेव्हाचं. एका कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, नंदनवनला राहायच्या. सुती साडी, खांद्यावर सेफ्टी पिन, आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवरून आमची नर्समंडळी हसायची. मॅडमना ते माहीत होतं. "पाय माहे दुखतात, हसू त्यांले येते," एवढंच त्या म्हणायच्या. वडील सावनेरजवळच्या कोळसा खाणीत होते, त्यामुळे बोलणं तिकडचं. वर्गात शुद्ध मराठी बोलत असतील तर असोत, आमच्या लॅबमध्ये मी तरी कधी ऐकली नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आणि आमचे विभागप्रमुख डॉ. भुसारी यांना पाण्याचे दोन ग्लास दाखवले. एकात दुधाचे चार थेंब, दुसऱ्यात चिमूटभर मैदा. खिडक्या लावायला लावल्या आणि दोन्ही ग्लासांवर टॉर्च मारला. दुधाचा ग्लास बाजूनं पाहिला तर निळसर दिसला, मैद्याचा नुसता पांढरट. 

"दोन्हीत पांढरंच टाकलं ना? मग फरक काहून?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं पुन्हा ग्लासांत डोकावलो. मग त्यांनीच सांगितलं: 

"कण लहान असला तर उजेड एका चालीनं विखुरते, मोठा असला तर दुसऱ्या. कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधी गालाच्या वरच्या थरातल्या पेशींची केंद्रकं फुगतात, हे तुम्हीच मले काचेवर दाखवता. साबुदाणा फुगावा तशी. मग त्यांच्यावरून विखुरलेल्या उजेडाची चालही बदलतच असन. आपण फक्त ती वाचायची."

डॉ. भुसारी हुशार माणूस. त्यांनी लगेच विचारलं, "पण उजेड आत खोल जाईल, रक्तात, स्नायूत फिरून परत येईल. त्यातून वरच्या थराचा वेगळा कसा काढणार?"

मॅडमचे डोळे चमकले. "सीताबर्डीवर जाता ना साहेब? पहिल्याच दुकानातून परत फिरलेला माणूस सरळ येते. अख्खं मार्केट फिरून, धक्के खाऊन आलेल्याचा अवतारच वेगळा. उजेडाचंही तसंच हाये. मी एकाच दिशेनं थरथरणारा उजेड आत धाडते. वरूनच परतलेला ती दिशा धरून असते, खोल जाऊन आलेला विसरते. विसरलेला गाळून टाकायचा."

मी मनात म्हटलं, बापरे, ही बाई साधी नाही.

मशीन त्यांनी स्वतः जोडलं होतं. शिवणाच्या मशीनच्या पेटीएवढी एक पेटी, तिच्यातून निघालेली काचतंतूंची दोरी आणि टोकाला जाडसर पेनासारखी कांडी. कांडीवर नवं प्लास्टिक चढवायचं, गालाला आतून टेकवायची, क्षणभर झगमग आणि लॅपटॉपवर एक वाकडीतिकडी रेघ. त्या रेघेवरून आकडा निघायचा. आकडा एका हद्दीच्या वर गेला की तो माणूस डॉ. भुसारींच्या खुर्चीत जायचा.

रोज सकाळी आठला, पहिला पेशंट यायच्या आधी, दोन मापं घेतल्याशिवाय काम सुरू व्हायचं नाही. आधी एक पांढरी चिनी मातीची चकती, म्हणजे दिवा ठीक आहे का ते कळतं. मग मॅडमचा स्वतःचा डावा गाल. पाण्यानं तीन चुळा, पदर खोचायचा, आणि आरशात न पाहता कांडी बरोबर त्याच जागी. मग पेन्सिलनं वहीत दोन आकडे. दिवसभरातल्या प्रत्येक पेशंटचा आकडा त्या गालाशी ताडून निघायचा. 

मी एकदा म्हटलं, "चकती आहे ना मॅडम, मग गाल कशाला?" 

"चकती ओली नसते. तिच्यात रक्त नसते. जिवंत माणूस मोजायचा तर जिवंतच माप पायजे."

"मग दहा जणांचे गाल घ्या, एकट्या तुमचाच कशाला?"

"आणून द्या ना दहा जण! रोज आठला येणारे, जन्मात सुपारीचं खांडही तोंडात न घातलेले. तुम्ही येता?" 

मी खिशातली सुपारीची पुडी आणखी खाली सरकवली. त्यांनी पाहिलं होतं. त्या बोलल्या काहीच नाहीत, आणि त्यांच्या त्या न बोलण्यापायी मी दिवाळीच्या आत सुपारी सोडली. माझी बायको आजही त्यांचं नाव काढून हात जोडते.

दर शनिवारी आम्ही सावनेरला शिबिराला जायचो, खाण कामगारांच्या वस्तीत. तिथे मॅडम कोणाला उपदेश करायच्या नाहीत. खर्रा सोड, मरशील, पोरं उघड्यावर पडतील, असलं काही नाही. फक्त विचारायच्या, "किती घंटे ठेवतो? कोणत्या बाजूले?" एकदा एक मिशाळ गडी आला. छाती काढून म्हणाला, "मी खातच नाही." मॅडमनी दोन्ही गाल मोजले, उजवीकडची दाढेची रिकामी जागा पाहिली आणि म्हणाल्या, "डावीकडे ठेवतो तू. उजवीकडची दाढ काढून दोन-तीन वर्षं झाली असन, तेव्हापासून." त्या माणसाचा आ वासला तो वासलाच. बाहेर बातमी पसरली की बाईंना उजेडात माणसाचं पाप दिसतं. म्हाताऱ्या पाया पडायला आल्या. मॅडम इतक्या संतापलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

"पाया काय पडता वं? टॉर्चच्या पाया पडता काय घरी?" असं म्हणून त्यांनी एकेकीला लॅपटॉपसमोर बसवलं, रेघ दाखवली, कुठे वर जाते आणि कुठे खाली येते ते बोटानं गिरवून दाखवलं. शिबिर दोन तास लांबलं, मी उपाशी. पण शेवटी एक आजी दुसरीला सांगत होती, "जादू नाही वं, मोजमाप हाये." ते ऐकून मॅडम दिवसभर खूश होत्या.

आता खरी गोष्ट सांगतो.

त्या वर्षी हिवाळा संपता संपता शिबिरातले आकडे छान यायला लागले. हद्दीच्या वर जाणारे कमी कमी. आम्हाला वाटलं, लोक ऐकायला लागले. मॅडम मात्र कुरकुरत होत्या. त्यांच्या स्वतःच्या गालाचा आकडा रोज थोडा थोडा वर सरकत होता. "कांडीचं टोक झिजलं," म्हणाल्या. टोक बदललं. तरी तेच. "नवं टोक, नवा स्वभाव," म्हणून त्यांनी वहीत तशी नोंद केली आणि काम चालू ठेवलं. मीही मान डोलवली. ज्या गालानं आम्ही सगळ्या जगाला मोजत होतो, त्याच्यावर संशय घ्यायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग हरिचंद नावाच्या एका कामगाराचा तुकडा माझ्याकडे आला. मशीननं त्याला ठीक म्हटलं होतं, पण दाढ दाखवायला आला तेव्हा गालातला पांढरा चट्टा डॉ. भुसारींच्या नजरेला खटकला आणि त्यांनी तुकडा काढला. मी स्लाइड केली, डॉक्टरांनी पाहिली. पेशी बिघडलेल्या, केंद्रकं फुगलेली. मी मॅडमना फोन लावला, आणि खोटं कशाला बोलू, आवाजात थोडी मजाच होती. "मॅडम, तुमची मशीन चुकली."

तासाभरात त्या लॅबमध्ये. स्लाइड पाहिली, वही काढली, हरिचंदची तारीख शोधली, आणि मागची पानं चाळत बसल्या. मग पेटी उघडली. चकती मोजली. आकडा जुनाच, जसाच्या तसा. डावा गाल मोजला. वर. मग कांडी दुसऱ्या हातात घेतली आणि उजवा गाल मोजला. उजव्या गालाचा आकडा, वर्षभरापूर्वी डाव्याचा होता तो.

त्यांनी दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले. मग म्हणाल्या, "मशीन बरोबर हाये, बोरकर. गाल चुकला."

मी म्हटलं, "मॅडम, उठा. डॉक्टरांकडे चला आधी."

"थांबा गा जरा." त्यांनी खुर्ची ओढली. "सात आठवडे मी लोकांले माह्या बिमार गालाशी ताडून ठीक म्हणून घरी धाडलं. किती जणांले, ते तर पाहू द्या."

प्रत्येक पेशंटचं मूळ माप लॅपटॉपमध्ये होतं. जुन्या आकड्याशी सगळी पुन्हा ताडायची होती. दुपारभर त्या बसल्या. मी चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली. संध्याकाळी त्यांनी हरिचंद सोडून अकरा नावं कागदावर लिहिली, सगळी सावनेरच्या शिबिरातली. अकरा माणसं घरी निवांत होती, कारण डोंगरे मॅडमनी त्यांना तुम्ही ठीक आहात असं सांगितलं होतं.

डॉ. भुसारी भडकले. "मॅडम, ते अकरा आम्ही पाहू. तुम्ही स्वतः पेशंट आहात आता!"

"माहा नंबर नंतर लावा साहेब. त्यांले मी खोटं सांगतलं. मले कोणी खोटं सांगतलं नाही."

शेवटी डॉक्टरांनी अट घातली: आत्ता खुर्चीत बसा, तुकडा घेऊ द्या, मग खुशाल जा सावनेरला. त्या बसल्या. तुकडा निघाला, एक टाका पडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गालात कापूस धरून बाई माझ्याबरोबर गाडीत.

वस्तीतल्या समाजमंदिरात लोक जमले. मला वाटलं, काहीतरी कारण सांगतील, पुन्हा तपासणी आहे, नियमाप्रमाणे आहे, वगैरे. आपण सगळे तेच करतो. मॅडम बाकावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माही हाये. मी तुम्हाले माह्या गालाशी ताडत होती, आणि माहाच गाल बिघडला होता. म्हणून तुमच्यातल्या अकरा जणांले ठीक सांगतलं. ते खरं नाही. मी नावं वाचत नाही, कानात येऊन सांगते. त्यांनी पुन्हा बसा."

मग मागून वामन नावाचा डंपर चालवणारा एक जण ओरडला, "तवा ठीक म्हणे, आता ये म्हणे! मशीनचा भरोसा तरी काय करावं माणसानं?" वामन त्या अकरातलाच होता.

मॅडम बाकावरून उतरल्या, त्याच्यासमोर गेल्या आणि तोंड उघडलं. "मोबाइलची लाइट मार. पाह्य. काय दिसते?"

तो गोंधळला. वाकून पाहिलं. "टाका हाये एक."

"तो काल डॉक्टरनं मारला. त्याच्या आधी काहीच दिसत नव्हतं. मले दिसलं नाही, डॉक्टरले दिसलं नाही. मशीन मात्र रोज वहीत सांगून राहिली होती, आणि मीच तिचा भरोसा केला नाही. मी केली ती चूक तू नको करू गा, वामनभाऊ."

वामननं मोबाइल खिशात घातला. मग चप्पल काढून खुर्चीत जाऊन बसला, जणू देवळात आलाय. मी तोंड फिरवून पेटीची दोरी सोडवत राहिलो, कारण माझे डोळे भरले होते आणि ते त्या लोकांना दाखवायचे नव्हते.

दोन दिवसांत अकरातले दहा मिळाले. राहिली एक, गिरजाबाई, कापसाच्या जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात काम करणारी. जिनिंगचा हंगाम संपला आणि ती गावी निघून गेली. कुठल्या, कोणाला धड सांगता येईना. कोणी म्हणे सौंसरच्या पुढे, कोणी म्हणे छिंदवाड्याकडे. फोन लागत नव्हता.

इकडे मॅडमचा तुकडा माझ्याकडे होता. तोवर हजारो तुकडे कापले, कोणाचा ते पाहायचं नाही हा माझा नियम. त्या दिवशी मेणाच्या वडीवर त्यांचं नाव होतं. पहिली चकती फाटली. दुसरी फाटली. मी उठलो, तोंडावर पाणी मारलं, परत बसलो. तिसरी नीट आली. डॉक्टरांनी मला बोलावून दाखवलं: वरच्या थराच्या अर्ध्यापर्यंत फुगलेली केंद्रकं. कॅन्सर नव्हता. त्या वाटेला लागलेला होता. कशामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. एक दाढ धारदार होती, कदाचित ती.

आठवड्याभरात मॅडमचं ऑपरेशन झालं. तेवढा भाग काढून टाकला, कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे मागे काही राहिलं नव्हतं. त्या कडांच्या स्लाइडही मीच केल्या आणि हा निकाल सांगायला मी नंदनवनपर्यंत धावत गेलो, म्हणजे ऑटोनं, पण धावत गेल्यासारखाच. मॅडम पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, गाल सुजलेला, बोलायला मनाई. मी म्हटलं, "स्वच्छ, मॅडम! एकदम स्वच्छ!" त्यांनी हात जोडले. मग उशाचा कागद ओढून पेन्सिलनं लिहिलं: गिरजाबाई?

मी मान हलवली. नाही सापडली.

डॉक्टरांनी पंधरा दिवस घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. सातव्या दिवशी मी फळं घेऊन गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सकाळीच गेल्या ना. पेटी होती हातात." मी डोक्याला हात लावला. उन्हाळा सुरू झालेला, गालात ताजे टाके, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि ही बाई एसटीनं खेडोपाडी फिरणार! कागदावर नाव लिहून लोकांना दाखवत फिरल्या, असं नंतर कळलं. वाचता न येणाऱ्यांपुढे त्यांनी गालावर हात ठेवून खुणा केल्या. तीन गावं पालथी घातली.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या फाटकातून आत येत होतो. नोंदणीच्या खिडकीपुढे रांग होती, आणि रांगेच्या तोंडाशी पांढरे कॅनव्हासचे बूट, धुळीनं लाल झालेले. मॅडमनी गालावरून पदर घट्ट गुंडाळला होता आणि एका हातात कोणाचं तरी बोचकं धरलं होतं. शेजारी काळीसावळी, चाळिशीची एक बाई उभी होती. तिनं मॅडमची ती पेटी लेकरासारखी छातीशी धरली होती. गिरजाबाईच्या गालात पुढे बिघाड निघाला, आणि वेळेत निघाला, हे इथेच सांगून टाकतो.

खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण तुमच्यातली?"

मॅडमना बोलता येत नव्हतं. गिरजाबाईनं एकदा त्यांच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं.

"दोघी," ती म्हणाली. "पण ह्या बाई म्हणते, पहिले मले घ्या."

मॅडमनी मान डोलावली आणि तिचं नाव लिहिलेली चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली. महिनाभरात लेकीच्या आग्रहानं त्यांनी नोकरी सोडली आणि तिच्याकडे रायपूरला गेल्या; त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही. त्या सकाळी मला त्या खिडकीवर काही काम नव्हतं. तरी मी त्या दोघींच्या मागे रांगेत जाऊन उभा राहिलो.